शांत पाण्याची जागा

॥ श्री ॥
२ एप्रिल

चि. वन्सं यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पार्सल काल पोचलं. आलं ते असं: चिमीसाठी गवती टोपी एक, तिच्या डोक्याहून मोठी. शंखांची माळ एक, त्यातले दोन फुटके. बेटाचा नकाशा एक. आणि सासूबाईंनी विणून पाठवलेला स्वेटर, परत. तिकिटं कमी लावली होतीत, म्हणून पोस्टमनने दारातच जास्तीचे पैसे घेतले. त्यात आमचं आठवड्याचं दूध आलं असतं. पुढच्या वेळी वजन करून पाठवा.

स्वेटर खांद्यात दाटतो म्हणता. सासूबाईंनी तो आडवा-उभा पाहिला आणि म्हणाल्या, "माझं माप कधी चुकत नाही. कारकुनी करून सुटली असेल, बसून बसून दुसरं काय होणार!" उसवायला काढलाय. तोवर शाल पांघरा, आणि जेवणावर थोडा हात आवरा.

आता मुद्द्याचं. तुमच्या दादांच्या चष्म्याच्या दुकानाला रंग द्यायचाय, म्हणून महिनाअखेरीला आठ दिवस दुकान बंद. बारा वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा आम्ही तिघं तुमच्या बेटावर यायचं म्हणतोय. सासूबाईंचे गुडघे बोटीच्या शिडीला तयार नाहीत. शेजारच्या काकू त्यांच्या सोबतीला येऊन झोपतील.

तुमच्या एका खोलीत आम्ही मावणार नाही, म्हणून नकाशात छापलेल्या लॉजला पत्र टाकलंय. राहिला प्रश्न किनाऱ्याचा. सार्वजनिक हवा, म्हणजे आत शिरायला पैसे नकोत. खुर्ची-छत्रीचं भाडं आम्ही भरणार नाही, चटई घेऊन येऊ. चार घरंदाज माणसं असावीत. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे पाणी शांत हवं. कारण तुमचे दादा. सकाळ-संध्याकाळ ऐकवतायत, "लहानपणी खाणीच्या तळ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचो!" असतील जात. लग्न झाल्यापासून यांना बादलीपलीकडच्या पाण्यात मी तरी पाहिलेलं नाही.

तुम्ही तिथल्या, त्यात नगरपालिकेच्या किनारा खात्यातच कारकून. घरचं माणूस असताना दुसऱ्याला कशाला विचारू? कुठे पाणी शांत आणि कुठे नाही, नीट लिहा.

तुमची
वहिनी


९ एप्रिल

प्रिय वहिनी,

साष्टांग नमस्कार. तुम्ही येताय हे वाचून मी खोलीतल्या खोलीत नाचले. खालच्या मजल्यावरून काठीने ठोकलं, तेव्हा थांबले.

माझं बरं चाललंय. आईला सांग, ऑफिसात माझी खुर्ची चांगली आहे, समोर समुद्र, वारा भरपूर. रंग जरा उतरलाय, कारण येता-जाता ऊन लागतं. केस कापलेत, ते आईला सांगू नकोस, मीच सांगेन कधीतरी.

किनारे तीन. धक्क्याजवळचा सोयीचा, पण बोटींचं तेल तरंगतं, चिमीचे कपडे काळे होतील. दुसरा झाडांचा किनारा, बेटाच्या पाठच्या अंगाला. सावली आहे, दोन्हीकडून खडक आल्यामुळे पाणी जणू टाक्यातलं. तुम्ही तिथेच जा. टॅक्सी करावी लागेल, पण जाच.

तिसरा लांब किनारा. तो तुमच्या लॉजच्या समोरच आहे म्हणून आधीच सांगते, तिथे जाऊ नका. गर्दी फार. चपला चोरीला जातात. माणसं कसेही कपडे घालतात, किंवा घालत नाहीत. तुला चक्कर येईल. खरंच तिथे जाऊ नका.

पाणी कुठे कसं, ते मात्र मला विचारू नकोस. पाण्यातलं मला काय कळतंय? मी आपली कागद हलवणारी.

दादाला म्हणावं, खाण वेगळी आणि समुद्र वेगळा.

तुझी
नणंद


१६ एप्रिल

चि. वन्सं यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र आलं, या खेपेला तिकिटं पुरेशी होती. पण त्याआधी नकाशाचं सांगते. पुढची बाजू मी पाहिली होती, मागची नव्हती. परवा घडी घालताना उलटा झाला आणि माझ्या हातातली पळी आमटीत पडली! अहो, त्या चित्रात बायका आहेत! उभ्या आहेत! आणि अंगावर जे आहे, त्याला कपडे म्हणायचं तर माझ्या भांडी पुसायच्या फडक्याला पातळ म्हणावं लागेल. सरकारी नकाशावर! मी चटकन रामरक्षेच्या पुस्तकाखाली दडवला, मग वाटलं हे काय करून बसले, तिथून काढून डाळीच्या डब्याखाली ठेवला. तेवढ्यात सासूबाईंनी पाहिलंच. त्या चष्मा चढवून म्हणाल्या, "कापड फार महाग असेल गं तिथे." आणि मग गंभीर होऊन, "माझी पोर त्या पाण्याच्या आसपासही फिरकत नाही ना? पाण्यात उतरली असं कानावर आलं, तर त्याच दिवशी बोटीने परत आणीन." मी म्हटलं, ती खुर्चीवर बसून काम करते हो, तिचा पाण्याशी काय संबंध.

आता तुमच्या किनाऱ्यांचं. झाडांच्या किनाऱ्याला टॅक्सी किती घेते, ते लॉजवाल्या बाईंनी कळवलं. जाऊन-येऊन जे होतात, त्यात आमचं एका दिवसाचं जेवण होतं. समुद्र लॉजच्या दारात असताना समुद्राकडे टॅक्सीने जायचं, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. चपलांचं म्हणाल, तर जुन्या घालून येऊ. अर्धवट कपड्यांचं म्हणाल, तर आम्ही लांब बसू आणि माना दुसरीकडे करू.

एक विचारू? रागावू नका. एवढ्याशा पत्रात "तिथे जाऊ नका" दोनदा. रंग उतरला म्हणता, केस कापलेत, स्वेटर परत पाठवलात. मीही एकेकाळी तुमच्या वयाची होते. लांब किनाऱ्यावर कोण आहे, वन्सं? कुणी असेल तर सांगा. कामधंदा नीट असेल आणि पिणारा नसेल, तर मी सासूबाईंच्या कानावर अलगद घालीन. तुमच्या दादांना तर मी दोन दिवसांत वळवते. पण लपवाछपवी नको. लपवलेल्या गोष्टीला वास सुटतो.

आम्ही तीस तारखेच्या गुरुवारी येतो.

तुमची
वहिनी


२१ एप्रिल

वहिनी,

घाईत लिहिते. तिथे कुणी नाही गं. तुझी शपथ, कुणी नाही. मला कुणी असता तर पहिलं तुलाच सांगितलं असतं.

मी गुरुवारी संध्याकाळी धक्क्यावर येते. शुक्रवार-शनिवार मला ऑफिस आहे. रविवारी सुट्टी, तेव्हा मीच तुम्हाला झाडांच्या किनाऱ्यावर नेईन, टॅक्सी माझी. तोवर बाजार बघा, बाग बघा. एवढं माझं ऐक. किनाऱ्यावर माझ्याशिवाय जाऊ नका.

तुझी
नणंद


२ मे, शनिवार
लॉजची खोली

वन्सं,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. हे पत्र लॉजवाल्या बाईंच्या हाती ठेवून उद्या सकाळच्या बोटीने आम्ही निघतो. तू धक्क्यावर येऊ नकोस. समोर आलीस तर माझ्या तोंडून काय निघेल, माझं मलाच माहीत नाही.

तू त्या उंच खुर्चीवरून काय पाहिलंस, ते तुला ठाऊक. मी काय पाहिलं, ते ऐक.

परवा संध्याकाळी धक्क्यावर तू पुन्हा बजावलंस, तरी काल सकाळी आम्ही निघालो. खोलीचं भाडं भरून रविवारपर्यंत भिंती बघत कोण बसेल? वाळूत लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले होते आणि सगळी गर्दी त्या दोहोंच्या मधे. खाली जागा नाही, पाण्यात जागा नाही. मला वाटलं, कसला तरी मेळावा असेल, वर्गणी मागतील. म्हणून मीच पुढे चालत राहिले. आणि मला जागा सापडली. दोन्ही बाजूंना लाटा आपटत होत्या, पांढरा फेस नुसता. आणि मधे एक पट्टा, तिथे लाट नाही, फेस नाही. पाणी गडद आणि सपाट, परातीत तेल ओतावं तसं. आणि तिथे एकही माणूस नाही. मी यांना म्हटलं, "इथे उतरा. देवाने आपल्यासाठी राखून ठेवलीय जागा."

मी म्हटलं, वन्सं. जागा मी निवडली.

हे उतरले. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मग पोहू लागले, आणि मला जरा अभिमानच वाटला. मी चटईवर लिंबं कापायला घेतली. वर पाहिलं तर हे लांब गेलेले. पुन्हा पाहिलं तर आणखी लांब. तोंड माझ्याकडे, हात माझ्याकडे मारतायत आणि जातायत मात्र मागे. मग यांनी एक हात वर केला. चिमी म्हणाली, "आई, बाबा टाटा करतायत."

मी पण हात हलवला.

ते पाण्यात बुडतायत आणि मी हात हलवतेय. हसून. काल रात्रभर डोळा मिटला की मला माझाच तो हात दिसतो.

तेवढ्यात शिट्टी वाजली. माझ्या मनात आलं, कोण हा निर्लज्ज, बायामाणसांत शिट्ट्या मारतो! वळून बघते तर उंच खुर्चीवरून एक बाई उडी टाकून धावत येतेय. लाल अर्धी चड्डी, दंड उघडे, खांद्याला लाल तरंगा अडकवलेला. मी मान फिरवली. देवाशप्पथ, माझ्या नवऱ्याला वाचवायला बाई धावतेय आणि मी लाजून मान फिरवतेय!

चिमी ओरडली, "आई, ती आत्या आहे!"

मी म्हटलं, "गप गं. आत्या ऑफिसात आहे."

पुढचं तुला माहीत आहे. तू यांना धरलंस आणि सरळ माझ्याकडे आणायचं सोडून आडवी निघालीस, फेसाच्या दिशेने. मी किंचाळत होते, "इकडे! इकडे आण त्यांना!" मला वाटलं, या बाईला दिशाही कळत नाही. लाटांनी तुम्हाला दोघांना वाळूवर आणून टाकलं तेव्हा हे निळे पडलेले. तू यांना कुशीवर वळवलंस, पाणी काढलंस, आणि मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "वहिनी, टॉवेल." जशी घरी मोरीतून हाक मारायचीस तशी. आणि यांना इस्पितळाच्या गाडीत घातल्याबरोबर परत जाऊन खुर्चीवर चढलीस, कारण बाकीची माणसं अजून पाण्यात होती.

रात्री इस्पितळाच्या दारात दोनदा येऊन उभी राहिलीस म्हणे. मीच नर्सला सांगितलं होतं, आत सोडू नका.

डॉक्टरांनी आज सोडलंय. आता झोपलेत. श्वास मोजत बसलेय मी.

"पाण्यातलं मला काय कळतंय?" हे तू लिहिलंस. मी तुला सरळ विचारलं होतं, पाणी कुठे शांत. तुला माहीत होतं! काल तिथल्या चणेवाल्यालाही माहीत होतं. तो म्हणाला, "बाई, लाट फुटत नाही तिथूनच तर पाणी परत आत जातं, माणसाला घेऊन." एवढी एक ओळ. चपलाचोर लिहिलेस, तेल लिहिलंस, टॅक्सी लिहिलीस. ही एक ओळ लिहिली असतीस तर आम्हाला कळलं असतं की तुला पाण्यातलं कळतं, आणि मग तुझी खुर्ची कसली आहे तेही विचारलं असतं. तेवढ्यासाठी, वन्सं?

वहिनी


७ मे

वहिनी,

धक्क्यावर मी आले होते. तिकीटघराच्या मागे उभी होते. दादा स्वतःच्या पायांनी शिडी चढला ते पाहिलं आणि परत गेले.

तू लिहिलंस ते खरं आहे. तुझ्या पहिल्या पत्राला उत्तर लिहिताना ती ओळ मी लिहिली होती. मग तो कागद फाडून दुसरा घेतला. वाटलं, झाडांच्या किनाऱ्यावर पाठवते म्हणजे झालं. ज्या किनाऱ्यावर मी बसते, तिथूनच तुम्हाला हाकलायचा प्रयत्न केला, आणि कारण खोटं सांगितलं. खोट्या कारणाला माणूस खोटंच समजणार. तू समजलीस.

कारकून मी पहिली दोन वर्षं खरंच होते, खुर्च्यांच्या पावत्या फाडायची. मग जीवरक्षकांची परीक्षा निघाली. सगळ्यांच्या देखत समुद्रात पोहून दाखवायचं होतं. मी पहिली आले. आईला कळवायला पोस्टात गेले आणि कोरं कार्ड घेऊन परत आले. तिला सांगितलं असतं तर पुढच्या बोटीने ती मला न्यायला आली असती, गुडघे असोत नसोत.

आणखी एक तुला माहीत नाही. मला पोहायला दादानेच शिकवलं. खाणीच्या तळ्यात, मी सात वर्षांची होते. आईला सांगायचं, बोरं वेचायला गेलो होतो. मी घाबरून हातपाय झाडायची, तर तो ओरडायचा, "पाठीवर पड, आभाळ बघ, पाणी तुला धरतं!" परवा मी पोचले तेव्हा तो सरळ किनाऱ्याकडे झगडत होता, दमून गेला होता, मला ओळखतही नव्हता. मी त्याच्या कानात तेच ओरडले. आणि वहिनी, तो पडला. लहान मुलासारखा पाठीवर पडला. नाहीतर माझ्या ताकदीने तो आवरला नसता.

आडवी निघाले कारण ओढीच्या विरुद्ध कुणालाच पोहता येत नाही. बाजूला सरकलं की लाटाच आणून सोडतात. जिथे ही ओढ नसते तिथेच आम्ही ते दोन झेंडे रोवतो, पोहायचं ते त्यांच्या मधेच.

राजीनामा लिहून ठेवलाय. तू म्हणशील तर उद्याच देते आणि घरी येते. आईला तू सांग किंवा सांगू नकोस, मी काही म्हणणार नाही. फक्त दादा कसा आहे, तेवढं कळव.

तुझी
नणंद


२० मे

चि. वन्सं यांस वहिनीचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझे दादा बरे आहेत. दुकानाचा रंग वाळलाय, वास आहे अजून. काल आंघोळीला बादलीपाशी उभे राहून मला म्हणतात, "ये, झेंडे लाव." म्हणजे आता अगदीच बरे.

तुला पत्रातून "अहो-जाहो" करत आले, परवा रागाच्या भरात "तू" झालं. ते मी आता परत घेणार नाही. राग पुरता गेलेला नाही हेही सांगून ठेवते. रोज थोडा जातो.

आल्या दिवशीच सासूबाईंनी विचारलं, "हा एवढा वाळला कसा?" चिमीने तोंड उघडलं होतं, मी तिच्या तोंडात खडीसाखर घातली. हे म्हणाले, "पाण्यात जरा पुढे गेलो होतो. एका बाईने ओढून काढलं." सासूबाई मटकन खाली बसल्या. "बाईने? समुद्रातून?" आणि मग मला वाटलं आता बायकांच्या जातीवर काहीतरी बोलणार, तर हात जोडून म्हणाल्या, "कुणाची लेक असेल गं ती! तिच्या आईने काय पुण्य केलं असेल!"

मी चिमीच्या तोंडात आणखी एक खडीसाखर घातली.

तेव्हापासून संध्याकाळी देवापाशी एक वात जास्त लावतायत, त्या बाईच्या नावाची. नाव माहीत नाही म्हणून "ती जिथे असेल तिथे सुखी ठेव" म्हणतात. तेल जास्त जळतं म्हणून मी एरवी बोलले असते. नाही बोलले.

आणि तुझा उसवलेला स्वेटर. ती लोकर धुऊन, पिळून, गुंडे करून ठेवली होती. परवा सुया घेऊन बसल्या. मी म्हटलं, वन्संचा घातलात का विणायला? म्हणाल्या, "तिला शाल आहे. हा त्या बाईला. ओल्या अंगाने वाऱ्यात बसत असेल बिचारी." मग टाके घालता घालता थांबल्या. "खांद्यात सैल विणायला हवा. हातांनी समुद्र कापणारीचे खांदे रुंद होत असणार." एवढं बोलल्या आणि सुया तशाच हातात. गुंड्याकडे बघत राहिल्या. मी मुद्दाम डाळ निवडायला घेतली. बऱ्याच वेळाने मला म्हणाल्या, "त्या बाईकडून मापं मागव. माझ्या लेकीला सांग, ती तिथेच असते, तिला सापडेल ती."

त्यांना काय कळलंय आणि काय नाही, मी विचारलं नाही. त्यांनीही मला काही विचारलं नाही.

राजीनामा फाड. मी तुझ्या दादांच्या आयुष्याची धनी, मी सांगते, फाड. तू घरी येऊन इथे कागद हलवत बसशील, आणि तिथे कुणीतरी माझ्यासारखी सांभाळून खर्च करणारी बाई फुकटची शांत जागा शोधून काढेल. तिचा नवरा हात वर करेल आणि ती हसून हात हलवेल. तेव्हा त्या खुर्चीवर कोण असेल? आणि एक कर, त्या पट्ट्यासमोर मोठी पाटी लाव. शांत दिसतं म्हणूनच इथे उतरू नका, असं लिही. आम्हाला नुसते झेंडे कळत नाहीत.

आता मापं. छाती, उंची, बाही, आणि खांदा. खांद्याचं माप कमी करून पाठवू नकोस. आईचे हात आहेत ते, विणता विणता त्यांना कळेल कुणाचं आहे, आणि मला वाटतं, तसंच कळावं. टेप नसेल तर दोरीने घे आणि दोरीच पाकिटात घाल. वजन करून तिकिटं लाव. सासूबाई सुया घेऊन बसल्यात, उलटटपाली पाठव.

तुझी
वहिनी